सांगितलं तसं केलं

टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. दवाखान्यातल्या बाईंनी हे मला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी घाबरले नाही. बाकी सगळ्याला घाबरले. खोकल्याला, लोकांना, देवाला, सासऱ्यांना. त्या भीतीत मी जे केलं त्याबद्दल हे लिहिणं आहे.

माझं नाव सुमन. मोखाड्याहून वर पोशेऱ्याच्या अंगाला आमचा पाडा आहे. घरी शिलाई मशीन चालवते. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, बिघडलेल्या चेना, काय येईल ते. तोंडाने तिखट आहे असं सगळे म्हणतात, नवऱ्याचं तर त्याबद्दल ठाम मत आहे. मी बरी होऊन आता काही वर्षं झाली. आमच्याकडे अजून अधूनमधून कोणाला तरी हा आजार निघतो. बाईला निघाला आणि तिच्या कडेवर मूल असलं की मला बोलावणं येतं, "तू जरा तिच्याशी बोल." मी जाते. गोळ्यांचं बोलते, खाण्याचं बोलते. पण जे खरं बोलायचं असतं ते तिच्या घरच्यांसमोर माझ्या तोंडातून निघत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, ते बरं पडतं.

ओटीवरची मंडळी

माझ्या माहेरी जमीन कधीच नव्हती. आईबाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, आणि भात निघालं की कल्याण-भिवंडीकडे कामाला जायचे. मी आश्रमशाळेत राहून बारावी केली, म्हणून माझं लिहिणं शाळेतल्यासारखं आहे. घरात आम्ही असं बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासरचं घर विश्वासात होतं, म्हणजे येशूला मानणारं. कोणी जोर केला नाही. दोन वर्षं सगळं बघितलं, ऐकलं आणि मग मीच म्हटलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. माझी मोठी बहीण वंदी जव्हारला दिलेली, ती आपल्या देवांचं करते. त्यावरून आम्हा बहिणींत कधी वाकडा शब्द झाला नाही. आम्ही भांडलो ते साड्यांवरून.

आमच्या मंडळीत थोडीच घरं आहेत. वेगळी इमारत नाही, सासऱ्यांच्या ओटीवरच रविवारची प्रार्थना होते. सासरे मंडळीचे वडील. म्हणजे वयाने आणि विश्वासाने मोठा माणूस, ज्याच्या शब्दावर मंडळी चालते. पाळक महिन्यातून एकदा जीपने येतात, बाकीचे रविवार सासरेच बोलतात. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "विश्वास हाय म्हणतोस ना? मंग ऐकतोस का? ऐकत नसशील तर तुझा विश्वास नुस्ता तोंडाचा." मला ते फार आवडायचं. विश्वास मनातला, तो किती आहे ते कसं कळणार? पण आज्ञा पाळली की नाही हे तर दिसतं. टेपने माप घेता यावं असा विश्वास मला हवा होता, आणि तो सासऱ्यांकडे मिळाला.

आमच्यात मूल दोनतीन महिन्यांचं झालं की त्याचं अर्पण करतात. आई सगळ्यांसमोर उठून मूल मंडळीच्या वडिलांच्या हातात देते. वडील त्याला उचलून धरतात, हे मूल देवाचं आहे अशी प्रार्थना करतात आणि परत आईकडे देतात, सांभाळायला. माझ्या आशिषचं अर्पण त्याच्या आजोबांनीच केलं. त्याने त्यांच्या शर्टावर दूध काढलं आणि सगळी ओटी हसली. सासरेही हसले.

मोखाड्याचा दिवस

खोकला होळीच्या आधीपासून होता. कापडाची धूळ नाकातोंडात जाते म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते दमल्यामुळे. माझाच ब्लाऊज मी दोनदा आत घेतला आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्यांची मापं मला तोंडपाठ असतात.

सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "तुना हात बघ. बांगडी कोपरापर्यंत जाते." मग बाजाराच्या दिवशी मी आशिषला त्यांच्याजवळ ठेवून मोखाड्याला सरकारी दवाखान्यात गेले. बेडका तपासायला दिला, छातीचा फोटो काढला. निकाल घ्यायला पुढच्या बाजाराला पुन्हा गेले. त्या दिवशी टीबीचं काम बघणाऱ्या बाईंनी मला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि सरळ सांगितलं. "सुमन, टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही."

मी पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल नव्हताच. "माझं बाळ आठ महिन्यांचं आहे."

"अंगावर पितं?"

"हो."

"मग पिऊ दे. दुधातून नाही जात हा. खोकल्यातून, हवेतून जातो. तू मास्क लाव, घरात वारा खेळता ठेव. बाळाला घेऊन ये, तपासू, आणि त्यालाही गोळी सुरू करू. पण त्याला तुझ्यापासून तोडू नको. या वयात तुझं दूध हे पण त्याचं औषधच आहे."

मी मान हलवत होते. ऐकत होते की नाही कोण जाणे. बाहेर बाजार भरला होता, कोणीतरी सुक्या मासळीचा भाव करत होतं, आणि मला वाटलं आता या सगळ्यांना माझ्या तोंडावरून कळणार. जीपमध्ये मी अगदी मागे बसले, तोंडाला ओढणी गच्च बांधून. शेजारची म्हातारी म्हणाली, "ऊन लागतं का गं?" मी हो म्हटलं.

पुढच्याच दिवशी आशिषला नेलं, तपासलं. तो चांगला होता. त्याच्या गोळ्यांची पुडी घेऊन मी घरी आले आणि मग सासऱ्यांना सांगायला गेले.

ओटीवर

सासरे कोयत्याची मूठ बसवत होते. मी अंगणातच उभी राहिले आणि बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दूध चालेल, बाळ जवळ राहिलं तरी चालेल, तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

ते बराच वेळ मूठच ठोकत राहिले. मग म्हणाले, "पोऱ्या इथं नाय ठेवायचा."

"बाबा, बाई म्हणाल्या की..."

"बाई चांगली हाय. पण ती संध्याकाळी तिच्या घरी जाईल. खोकल्यानं माझी दोन लेकरं गेली, सुमन. एक या हातानं पुरलं, बिजं पण याच हातानं. तवा पण सगळी सांगत होती, काय नाय होत, काय नाय होत."

सासूबाई आतून दारात येऊन उभ्या होत्या. त्या दोन मुलांबद्दल मला नवऱ्याकडून माहीत होतं. सासऱ्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

"वंदीकडं दे त्याला. तुझं औषध पुरं होईतो. साफ झाली असं डॉक्टरनं सांगलं की आणू." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "तू त्याला सगळ्यांच्या देखत देवाला दिला ना? मंग बहिणीकडं द्यायला काय जड हाय?"

हे ऐकून माझं डोकं बंदच पडलं. खरंच होतं, मी दिला होता. आता नाही म्हणायचं म्हणजे ते सगळं खोटं होतं असं म्हणायचं. सासरे माझ्याकडे बघत थांबले. चांगले थांबले. आशिष माझ्या खांद्यावर झोपला होता, त्याची लाळ माझ्या मानेवर येत होती. मी मान हलवली.

सासूबाई आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत राहिला.

नवऱ्याला फोन केला. दिलीप तेव्हा कल्याणच्या बाजूला बांधकामावर होता, शनिवारी यायचा. तिथल्या पोरांसारखं अर्धं हिंदीत बोलायची त्याला सवय लागली आहे. "अरे टेन्शन मत ले यार. बाबा बोलतात तसं कर. बाबांना कळतं." मी त्याच्याशी भांडले असते एरवी. त्या दिवशी म्हटलं, "बरं."

दवाखान्यात बाईंना मी दुसऱ्या खेपेला सांगितलं की मुलाला बहिणीकडे पाठवलं. त्या रागावल्या नाहीत. "मी घरी येऊन बोलू का सासऱ्यांशी?" असं विचारलं. मी नको म्हटलं. मला वाटलं, दवाखान्याची बाई येऊन मंडळीच्या वडिलांना समजावणार म्हणजे माझा विश्वास कच्चा ठरणार. त्या नंतरही दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं.

वंदी

वंदी आली ती तिच्या धाकटीला काखेत घेऊनच. पिंकी तेव्हा वर्षाची होती, अजून अंगावर प्यायची. थोरली मुलगी घरी शेजारणीकडे ठेवली होती. वंदी आणि भावजी दोघंही मिळेल ते काम करतात, आणि सुट्टीच्या दिवशी वंदी शिरपामाळावर कणसं, शेंगा विकते, फिरायला येणाऱ्यांना. तिने आशिषला माझ्याकडून घेतलं आणि दुसऱ्या बाजूला कडेवर टाकलं. "दोघं पितील," ती म्हणाली. "एक इकडं, एक तिकडं. म्हैस कुठं मोजून दूध देते."

मी हसले. पिंकीने आशिषचे केस ओढले, तोही हसला. मग ती दोघांना घेऊन जीपकडे चालायला लागली. आशिष तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. मी ओढणीआडून हात हलवत होते. सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. "आत चल गं," त्या म्हणाल्या, आणि मी आत गेले.

दूध

हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मूल गेलं तरी दूध जात नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत छाती दगड झाली, ताप चढला, आणि हा टीबीचा ताप की दुधाचा हेही कळेना. सासूबाई गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून, माझ्या छातीवर धरायच्या. आम्ही परसात बसायचो, उघड्यावर, म्हणजे माझा खोकला वाऱ्यावर जाईल, त्यांना बाधणार नाही. मी दूध पिळून मातीत टाकायचे. त्या त्यावर पायाने माती ओढायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मी पण असंच केलं होतं. दोनदा." त्यांची मुलं गेली तेव्हाचं त्या सांगत होत्या. माझं मूल जिवंत होतं, जव्हारला होतं, जीपने तासाभराच्या रस्त्यावर होतं. आणि आम्ही दोघी सारखंच काम करत बसलो होतो.

गोळ्यांनी सुरुवातीला पोटात ढवळायचं. सकाळी नाचणीची भाकरी खाऊन मी त्या घ्यायचे आणि मग मशीनवर बसायचे, काम असो नसो. गिऱ्हाइकं कमी झाली होती. मंडळी प्रार्थनेला यायची तेव्हा मी अंगणात, जांभळाखाली बसून ऐकायचे. तेही काही दिवसच करायचं होतं, बाईंच्या हिशोबाने. मी शेवटपर्यंत केलं. एक शेजारीण मात्र न चुकता माझ्याजवळ येऊन बसायची, जरा अंतर ठेवून, आणि पाड्यातल्या सगळ्या भांडणांचा अहवाल द्यायची. त्या बाईने मला जेवढं बरं केलं तेवढं कोणाच्या प्रार्थनेने केलं असेल असं वाटत नाही. हे सासऱ्यांसमोर म्हणणार नाही.

गोळी मी एकदाही चुकवली नाही. ते ऐकणं मला जमलं, कारण त्यातला प्रत्येक 'का' मी बाईंना विचारला होता. एवढ्या गोळ्या का, लघवी नारिंगी का, बरं वाटायला लागल्यावरही का घ्यायच्या. डोकं खाल्लं मी त्यांचं. घरच्या आज्ञेबद्दल मी कोणाला एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला वाटायचं की न विचारणं म्हणजेच विश्वास. आता वाटतं, ज्याच्यावर आपला भरवसा असतो त्यालाच आपण प्रश्न विचारतो, भांडतो. बाईंवर माझा भरवसा होता. देवावर होता असं मी तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले असते, पण त्याला तरी मी कुठे काही विचारलं? रोज गुडघे टेकून मी म्हणायचे, तुझी इच्छा. माझी इच्छा काय आहे ते मी त्याला सांगितलंच नाही.

शिरपामाळ

श्रावणाच्या आसपास पुन्हा तपासणी झाली. बेडका साफ होता. तो आधीच साफ झाला होता म्हणे. बाई म्हणाल्या, "आता तरी मुलाला आण. तुझ्यापासून त्याला काही होणार नाही." मी म्हटलं, औषध पुरं होऊ दे. बाईंनी फोटोची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी छातीच्या फोटोसाठी जव्हारला जायचं होतं. दिलीप सुट्टी काढून आला होता, मित्राची गाडी घेऊन. परत फिरताना तो म्हणाला, "चल ना, शिरपामाळावर जाऊ. वंदीताई असेल. दुरून बघ."

शनिवार होता. धुकं होतं, गाड्या लागल्या होत्या, लोक फोटो काढत होते. वंदी छत्रीखाली शेगडी घेऊन कणसं भाजत होती. पाठीला झोळीत पिंकी. आणि तिच्या पायाशी, तिची साडी धरून, आशिष उभा होता. उभा होता. मी त्याला बसतानाच पाहिलं होतं.

दिलीप गेला आणि त्याने त्याला उचललं. मी एका पांढऱ्या गाडीच्या मागे थांबले. मास्क होता, वर ओढणी होती. वारा तर असा होता की माझा खोकला गुजरातेत पोचला असता. काही अडचण नव्हती. बाईंनी त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं. वंदीने मला बघितलं आणि कणीस हातात धरूनच ओरडली, "ये की गं इकडं."

मी गेले नाही. औषध पुरं होईतो, असं सासरे म्हणाले होते, आणि मी मान हलवली होती. इथे कोणी बघत नाही म्हणून आज्ञा मोडायची, तर मग ती पाळली कशाला? असं काहीतरी मी मनाशी म्हणत होते आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, हे सांगायला लाज वाटते. दिलीप त्याला माझ्या दिशेने वळवून म्हणाला, "बघ, आई." आशिषने बघितलं. मग त्याने तोंड फिरवलं आणि वंदीकडे हात केले.

घरी जाताना घाट उतरून गेल्यावर दिलीप म्हणाला, "जायचं होतंस." मी म्हटलं, "बाबांनी सांगितलंय ना." तो म्हणाला, "हां, मैंने भी बोला था. गलत बोला." त्याने गाडी थांबवली नाही. मीही थांबव म्हटलं नाही.

उपकारस्तुती

औषध संपलं. डॉक्टरांनी बरी झालीस असं सांगितलं. भातं कापणीला आली होती, तरी त्या रविवारी सासऱ्यांनी सगळ्या घरांना बोलावून उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना, ठेवली. कोंबड्याचं जेवण केलं. मी पहिल्यांदा ओटीवर सगळ्यांमध्ये बसले. वंदी मुलांना घेऊन आली, भावजीही आले.

सासरे उभे राहिले. "माझ्या सुनेनं आज्ञा पाळली," ते म्हणाले. "काळजाचा तुकडा दिला, पण तोंडातून शब्द नाय काढला. असा विश्वास मी बघला नाय." लोक आमेन म्हणाले. कोणीतरी रडलंही. मग त्यांनी वंदीकडून आशिषला घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, एवढंच. मग ओरडायला लागला. अंग ताठ केलं, माझ्या हातातून घसरायला लागला आणि वंदीकडे हात पसरून म्हणाला, "आई." तो शब्द तो तिथेच शिकला होता, पिंकीच्या तोंडून. वंदी जागची हलली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन धरले होते. मी म्हणत होते, "आशिष, आशिष," आणि त्याला ते नावच माहीत नव्हतं. जव्हारला त्याला सगळे बाळ्या म्हणत. सासऱ्यांनी गाणं सुरू केलं, मोठ्याने. मंडळी गायला लागली.

साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायला, मला उठवलं तेव्हा मी म्हटलं, देवाने बरं केलं. एवढंच म्हणून खाली बसले.

त्यानंतर

तो कित्येक दिवस रडला. माझ्या अंगावर घेऊन बघितलं, दूध कधीच आटलं होतं. पिंकीही तिकडे त्याला शोधत फिरायची असं भावजींनी फोनवर सांगितलं. वंदी म्हणाली, "मी थोडे दिवस येत नाय. मना बघलं की तो परत सुरू होईल." थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली. लग्नाला, मयताला भेटतो. तिच्या दूध पाजण्याचं मी तिला कधी काही बोलले नाही, ना तिने मला. पूर्वी आम्ही साड्यांवरून भांडायचो. आता एकमेकींशी फार चांगलं वागतो.

आशिष आता शाळेत जातो. मला आई म्हणतो. माझ्यासारखाच तोंडाळ आहे. लोक म्हणतात, लहान होता, त्याला काय आठवणार. खरं आहे. पण ताप आला की तो माझ्याकडे येत नाही, भिंतीकडे तोंड करून एकटा पडतो. मी पाठीवर हात ठेवते. तो ठेवू देतो. हे त्याचं असंच आहे की त्या दिवसांचं आहे, मला कधी कळणार नाही. तो पहिलं पाऊल टाकताना मी नव्हते. कुठे टाकलं हे वंदीला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

गेल्या महिन्यात खालच्या पाड्यावरच्या एका पोरीला टीबी निघाला. आमच्या मंडळीतलंच घर, मुलगी चारपाच महिन्यांची. तिची सासू, मंडळीचे वडील म्हणून, सासऱ्यांना विचारायला आली, लेकराला कुठं पाठवायचं. सासरे आता थकलेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एरवी त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिला म्हणाले, "उद्या सांगतो," आणि ती गेल्यावर माझ्या मशीनजवळ येऊन बसले.

"तू काय सांगशील तिला?"

मी मशीन थांबवलं नाही. "दवाखान्यात सांगतील तसं करा म्हणेन. मास्क लावा, लेकराला गोळी द्या, आणि आईजवळच राहू द्या."

"हां," ते म्हणाले. "तसंच सांगतो."

ते उठतील असं मला वाटलं. उठले नाहीत. मग मीच मशीन थांबवलं. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाबा, त्या दिवशी मी नाही म्हटलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "मी वाट बघत होतो," ते म्हणाले. "तू नाय म्हणशील, भांडशील. तुझं तोंड तर असं. तू एक डाव नाय म्हटलं असतंस तर मी ठेवला असता पोऱ्या. मना पण त्याला पाठवायला जीव होत नव्हता. पण तू मान हलवली. मना वाटलं, हिचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा हाय. मंग मी वडील असून कसा मागं फिरू?"

"तो विश्वास नव्हता, बाबा," मी म्हटलं. "मी भ्याले होते."

"मी पण," ते म्हणाले.

आशिष शाळेतून आला. दप्तर टाकलं, "आई, खायला दे," म्हणत आत गेला. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. त्याला यातलं काही ठाऊक नाही. कधीतरी विचारेल, आणि तेव्हा मला सांगावं लागेल की त्याला पाठवायचं त्याच्या आजोबांच्या मनात नव्हतं, माझ्याही मनात नव्हतं, आणि आम्ही दोघांनी मिळून पाठवलं.